माप

मी शिक्का मारते. माझं काम एवढंच.
अपिंग्टनचं कोर्ट, खोली नंबर सहा.
दक्षिण आफ्रिकेच्या या कोपऱ्यात ऊन असं
की शिक्क्याच्या गादीला दिवसातून दोनदा पाणी पाजावं लागतं.

संरक्षणाच्या हुकुमासोबत आम्ही बाईच्या हाती
आणखी एक कागद देतो: त्याच्या अटकेचं वॉरंट.
सही झालेलं, तारीख पडलेली,
आणि झोपवून ठेवलेलं.
त्यानं हुकूम पाळला तर ते झोपूनच राहील.
मोडला, तर उठवायचं.
कुणी? तर तुम्हीच.
एकोणीस वर्षं मी हे सांगते आहे
आणि दर वेळी समोरची बाई तो कागद असा धरते,
जसं बसमध्ये कुणी आपलं तान्हं मूल
तिच्या मांडीवर ठेवून खाली उतरावं.

विल्मिएन ब्युकेसनं त्याच्या चार घड्या केल्या,
मुलीच्या लसीच्या कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला
आणि बेदाण्याच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला गेली.

हुकुमात लिहिलं होतं: गर्शविन ब्युकेसनं घरात शिरू नये,
स्वतः किंवा दुसऱ्याकरवी काही पाठवू नये,
अंगणात येऊ नये.
त्यापुढे मॅजिस्ट्रेट बाईंनी पेनानं वाढवलं:
फाटकालाही हात लावू नये.

सात महिने काहीच नाही.
जानेवारीत, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी,
फाटकावर बूट टांगलेले.
काळे, नवे, नाड्यांची एकमेकींत गाठ.
चिठ्ठी नाही.

त्याची आई म्हणाली, बूटच आहेत ना.
शेजारचा फानी म्हणाला, बाप आहे शेवटी.
चर्चमधल्या बाया म्हणाल्या, सुधारतोय बिचारा,
त्याच्या वाटेत काटे पेरू नकोस.

ठाण्यात सार्जंट सेगोन्यान. मारलं?
नाही.
धमकी?
नाही.
दिसला तरी?
नाही.
मग नोटीस काढतो, म्हणाला. गुरुवारी कोर्टात हजर राहील.
धोका दाराशी उभा दिसला तरच अटक,
नाहीतर कागद, आणि कागदावर पुढची तारीख.

तेव्हा तिनं एक बूट टेबलावर उलटा ठेवला.
तो गेला तेव्हा लिझेलचा पाय अकरा नंबरचा होता.
हा तेराचा आहे.
मलाच परवा दुकानात कळलं.

हे सगळं मी शपथपत्रात वाचलं.
सार्जंटचं अक्षर गचाळ, कोंबडीचे पाय,
पण 'तेरा'च्या खाली दोन सरळ रेघा आहेत.
चार घड्यांचं वॉरंट त्याला टाचलेलं.
त्याच रात्री उठवलं ते.

हुकूम मोडल्याला पाच वर्षांपर्यंत, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही.
वकील म्हणाला, मायेला शिक्षा करणार का आपण?
मॅजिस्ट्रेट बाईंनी एकच विचारलं:
माप कुठून मिळालं?
गर्शविन गप्प.
मागच्या बाकावर त्याची आई
पर्सची चेन उघडत, मिटत, उघडत राहिली.

अठरा महिने. त्यातले बारा झोपवलेले.
आमच्याकडे पुष्कळ गोष्टी झोपवता येतात.

जुनं वॉरंट वापरलं गेलं, म्हणून नियमानं नवं.
ती घ्यायला आली, लिझेलला घेऊन.
मी माझं एकोणीस वर्षांचं वाक्य सुरू केलं,
ती म्हणाली, माहीत आहे.
या वेळी घडी केली नाही.

बूट माझ्या मागच्या कपाटात आहेत, लेबल लावून.
निकालानंतर पुराव्याची वस्तू सही करून नेता येते.
मी फॉर्म पुढे केला.
विल्मिएननं तो तसाच माझ्याकडे सरकवला.
लिझेल मात्र कपाटाच्या काचेला नाक लावून उभी.
कुणाचे आहेत, म्हणाली.

मी शिक्का मारला.
जरा जोरातच बसला.